वाळूवर नुसती टेकलेली समुद्री पाइपलाइन जागेवर कशी राहते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्रातल्या पाइपलाइनचं काम करतो म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘खाली ती कशाला बांधलेली असते?’ ‘कशालाच नाही’ असं उत्तर दिलं की पुढचे दहा प्रश्न आपोआप येतात. तेच इथे एकत्र केले आहेत. आकडेमोड मुद्दाम सोपी ठेवली आहे, कॅल्क्युलेटर घेऊन पडताळून पाहता येईल अशी.

खरंच कशालाच बांधलेली नसते?

खोल पाण्यात बहुतेक वेळा नाही. पाइप टाकणाऱ्या जहाजावर साधारण १२ मीटरचे तुकडे एकामागून एक वेल्ड करतात, जहाज पुढे सरकतं आणि जोडलेली नळी मागच्या बाजूने पाण्यात उतरत तळावर जाऊन झोपते. किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात चर खणून ती गाडतात, तेलफलाटापाशी आणि दोन लाइन एकमेकींना ओलांडतात तिथे वेगळा बंदोबस्त असतो. मधला लांबच लांब भाग मात्र स्वतःच्या वजनावर आणि खालच्या वाळूच्या भरवशावर पडून असतो. मुंबई हाय ते उरण हे अंतर सुमारे २०० किलोमीटर. नॉर्वेहून इंग्लंडला जाणारी लँगेलेड लाइन १,१६६ किलोमीटरची. एवढ्या लांबीला खिळे कोण ठोकत बसणार?

लोखंडाची नळी आहे. ती पाण्याने हलेलच कशी?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो, म्हणून हिशोबच करू. ३० इंची पाइप घ्या: बाहेरचा व्यास ७६२ मिलिमीटर, पोलादाची जाडी १५.९ मिलिमीटर. एका मीटरचं वजन भरतं सुमारे २९३ किलो. तोच एक मीटर पाइप समुद्राचं पाणी किती बाजूला सारतो? सुमारे ४६७ किलो. म्हणजे रिकामा पाइप तळावर हलण्याची गोष्ट दूरच, तो तळाला जातच नाही. ओंडक्यासारखा तरंगतो.

म्हणून त्याला काँक्रीट चढवतात?

हो, मुख्य कारण तेच, वजन. गंजापासून वाचवणारा थर वेगळा, तो आत असतो. त्यावर काँक्रीटचं जाड वेष्टण देतात आणि ते घरबांधणीचं काँक्रीट नसतं. त्यात खडीऐवजी लोहखनिज घालतात, त्यामुळे त्याची घनता घनमीटरला ३,०४० किलो किंवा त्याहून जास्त होते. साधं काँक्रीट २,४०० च्या आसपास असतं.

वरच्या पाइपला ५० मिलिमीटरचं वेष्टण दिलं तर एका मीटरचं एकूण वजन होतं ६८१ किलो. पण व्यास वाढला, त्यामुळे बाजूला सारलेलं पाणीही वाढून ५९८ किलो झालं. पाण्याखाली उरलं वजन ८३ किलो, एका मोठ्या माणसाइतकं. वेष्टण ८० मिलिमीटर केलं की पाण्याखालचं वजन २५२ किलोवर जातं. जाडी ३० मिलिमीटरने वाढली आणि उपयोगी वजन तिप्पट झालं. मात्र १२.२ मीटरचा एकेक तुकडा आता साडेअकरा टनांच्या घरात गेला. तो उचलायला क्रेन, ठेवायला डेक, आणि लोंबत खाली जाताना धरून ठेवायला तेवढ्या ताकदीचं जहाज लागणार. काँक्रीटचा प्रत्येक मिलिमीटर कुणाच्या तरी बजेटमधून जातो, त्यामुळे या जाडीवरून मीटिंगा रंगतात.

आत तेल भरलं की वजन वाढतंच की!

तेलाने वाढतं. या पाइपमध्ये मीटरला सुमारे ३५५ किलो तेल मावतं. वायूने जवळपास काही नाही: ७० बार दाबाखालचा नैसर्गिक वायू भरला तरी मीटरला २०-२५ किलो. म्हणून वायूची लाइन कायम हलकीच समजायची.

तेलाच्या लाइनचाही एक नाजूक काळ असतो. टाकून झाली आहे पण सुरू झालेली नाही, तेव्हा ती रिकामी असते. त्या काळात वादळाचा हंगाम आडवा येत असेल तर लाइन पाण्याने भरून ठेवणं हा जुना आणि खात्रीचा उपाय.

पाणी पाइपवर नेमका कसा जोर लावतं?

तीन तऱ्हांनी. पहिली ओढ, म्हणजे प्रवाह आडवा ढकलतो तो जोर. दुसरी उचल. पाइप तळाला चिकटून असल्याने पाण्याला खालून वाट नसते, ते वरून वेगाने जातं, वरचा दाब कमी होतो आणि पाइप वर खेचला जातो. वादळात घराचे पत्रे उडतात ते याच कारणाने. वारा पत्रे ढकलून नेतो असं आपल्याला वाटतं, खरं तर तो ते उचलतो. तिसरा जोर जडत्वाचा. लाटेखालचं पाणी दर काही सेकंदांनी दिशा बदलतं, आणि त्या वेग घेण्या-सोडण्याचाही धक्का बसतो. यातली ओढ आणि जडत्व एका सूत्रात मांडलं मॉरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० मध्ये, तेही खांबांसाठी. पाइपलाइनवाले ते तेव्हापासून उसनं वापरतात.

ओढ आणि उचल वेगाच्या वर्गाने वाढतात, म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट. ५० मिलिमीटर वेष्टणाच्या आपल्या रिकाम्या पाइपवर सेकंदाला एक मीटर वेगाचं पाणी आलं तर मीटरमागे उचल भरते सुमारे ४० किलो आणि ओढ ३१ किलो. वजन होतं ८३. उचल वजा करून उरले ४३. वाळूशी घर्षण ०.६ धरलं तर अडवणारा जोर जेमतेम २६ किलो. ओढ ३१ ची, म्हणजे पाइप सरकला. वेग दीड मीटर झाला तर उचलच ९१ किलो, पाइप तळ सोडून वर येतो. ८० मिलिमीटर वेष्टणाचा पाइप मात्र तेवढ्याच वेगात ९३ किलोने अडतो आणि ओढ असते ७६. टिकला, पण थोडक्यात. शिवाय यात जडत्वाचा धक्का धरलेलाच नाही.

लाटा तर वर असतात. ७०-८० मीटर खाली त्यांचा काय संबंध?

कोणती लाट, यावर आहे. खोल पाण्यात लाटेची लांबी म्हणजे तिच्या कालावधीचा (एक माथा गेल्यावर दुसरा यायला लागणाऱ्या सेकंदांचा) वर्ग गुणिले १.५६ मीटर, आणि लाट तिच्या निम्म्या लांबीइतक्या खोलीपर्यंत जाणवते. ६ सेकंदांची लाट ५६ मीटर लांब, तिचा खेळ २८ मीटरवर संपला. १४ सेकंदांची लाट ३०० मीटरहून लांब, ती १५० मीटर खालच्या वाळूलाही हात लावते.

मुंबई हायजवळ पाणी ७५ मीटरच्या आसपास खोल आहे. तिथे १२ मीटर उंचीची, १३ सेकंदांची वादळी लाट आली तर तळाशी पाणी सेकंदाला ०.९ मीटरच्या वेगाने मागेपुढे हेलकावतं. त्याच जागी ३ मीटरची ६ सेकंदांची लाट असेल तर तळाला पत्ताही लागत नाही. उलट २० मीटर खोलीवर नुसती ४ मीटरची, १० सेकंदांची लाटही तळाशी सेकंदाला एक मीटर वेग देते, आणि कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात अशी लाट काही नवलाची नाही. पाइप किनाऱ्याजवळ गाडतात तो यासाठीच.

वाळूची पकड म्हणजे फक्त घर्षण?

वरच्या हिशोबात आपण तसं धरलं. फरशीवर कपाट सरकवावं तसं. प्रत्यक्षात पाइप वाळूत थोडा रुतलेला असतो आणि सरकताना त्याला समोरचा वाळूचा बांध ढकलावा लागतो. १९८० च्या दशकात नॉर्वेत आणि अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर चाचण्या झाल्या तेव्हा एक गंमत दिसली. छोट्या लाटांनी पाइप जागच्या जागी डुलत राहिला तर तो दोन्ही बाजूंना वाळूचे बांध रचत स्वतःला खाली रुतवून घेतो. कोंबडी मातीत अंग घुसळून बसते तसा. मग मोठी लाट येते तेव्हा त्याला हलवणं कठीण गेलेलं असतं. नुसतं ०.६ घर्षण धरणारा हिशोब म्हणून बऱ्याचदा भित्रा ठरतो.

आणि पाइपखालची वाळूच वाहून गेली तर?

हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा होता. अलिबागला किंवा मालवणला पाण्यात घोट्यापर्यंत उभे राहा. लाट मागे फिरते तेव्हा टाचेखालची वाळू सुळकन निघून जाते, टाच खाली जाते, तोल जातो. तुम्ही हललेला नसता, जमीन हललेली असते. पाइपचं तेच होतं.

बारीक वाळू तळाजवळच्या पाण्याचा वेग सेकंदाला ३०-४० सेंटिमीटर झाला की कणाकणाने चालू लागते. पाइपच्या प्रवाहाकडच्या बाजूला दाब जास्त, मागच्या बाजूला कमी. या फरकाने पाणी पाइपखालच्या वाळूतून झिरपू लागतं आणि एका कमकुवत जागी एकदम वाट फोडतं. एकदा भोक पडलं की त्यातून पाणी जोराने उसळतं, वाळू बाहेर फेकतं, आणि भोकाचा बोगदा होतो. याला आम्ही ‘स्कोअर’ म्हणतो. सरळ प्रवाहात हा खड्डा पाइपच्या व्यासाच्या सुमारे ०.६ पट खोल जाऊन थांबतो. लाटांमध्ये किती खोल जाईल ते तळाशी पाण्याचा वेग आणि लाटेचा कालावधी या दोन्हींवर ठरतं.

बोगदा एका जागी राहत नाही, पाइपच्या लांबीने दोन्हीकडे पसरत जातो. मग दोन गोष्टींपैकी एक होते. बोगदा लांबला, पाइप मधोमध वाकून खड्ड्यात उतरला आणि वाळूने त्याला झाकलं, तर तो आपोआप गाडला गेला. खर्च शून्य. डच अभियंत्यांनी यावरून पाइपच्या डोक्यावर उभी पट्टी बसवायची युक्ती काढली. तिने खालचा प्रवाह वाढतो, खड्डा लवकर होतो आणि पाइप लवकर गाडला जातो. दुसरी शक्यता म्हणजे पाइप ताठ राहिला आणि दोन टेकूंमध्ये पुलासारखा अधांतरी उरला. हा ‘फ्री स्पॅन’.

फ्री स्पॅनमध्ये एवढं घाबरण्यासारखं काय आहे?

वाकून तुटेल ही भीती असतेच, पण जास्त भीती थरथरण्याची. अधांतरी पाइपमागे पाण्याचे भोवरे आळीपाळीने वरून-खालून सुटतात. आपल्या ५० मिलिमीटर वेष्टणाच्या पाइपला सेकंदाला एक मीटर प्रवाहात दर चार-साडेचार सेकंदांना एक पूर्ण आवर्तन. स्पॅन जितका लांब तितकी त्याची स्वतःची लय संथ. दोन्ही लयी जवळ आल्या की पाइप डोलू लागतो आणि वेल्डच्या जागी धातू थकतो.

आरओव्हीच्या, म्हणजे जहाजावरून चालवल्या जाणाऱ्या बिनमाणसाच्या पाणबुड्या यंत्राच्या, कॅमेऱ्यात स्पॅन मात्र फार शांत दिसतो. रात्री दोन वाजता सर्व्हेच्या खोलीत चहाचा कप हातात धरून पाहिलेला एक मला आठवतो. पाइपवर शेवाळ-शिंपले, खाली निळसर पोकळी आणि तिच्यात ऐटीत बसलेला भलामोठा हेकरू. आरओव्ही जवळ गेला तरी तो हलेना. स्पॅनची उंची आम्ही त्याच्या अंगावरूनच आधी अंदाजाने सांगितली आणि मग मोजली. माशांना अशा जागा आवडतात, हे डोल टाकणाऱ्यांना आमच्याआधी माहीत असतं.

वादळात वाळू ‘पातळ’ होते म्हणतात, ते काय?

भरतीरेषेजवळच्या ओल्या वाळूवर एकाच जागी पाय थपथपवत राहा. थोड्या वेळाने ती चमकते, लिबलिबीत होते आणि पाय आत जातो. कणांच्या मधल्या पाण्याचा दाब वाढला की कण एकमेकांवरचा भार सोडतात आणि वाळू दाट द्रवासारखी वागते. समुद्रात तेच थपथपवणं लाटांचं असतं. सैल, बारीक, गाळमिश्रित वाळूत हे लवकर होतं, घट्ट बसलेल्या जाड वाळूत कठीण.

अशी पातळ झालेली वाळू पाण्याच्या जवळपास दुप्पट जड असते. आपला रिकामा पाइप, वेष्टणासकट, पाण्याच्या फक्त १.१४ पट जड. तेव्हा चरात गाडून वर सैल वाळू लोटलेली वायूची लाइन भर वादळात हळूहळू वर येऊ शकते. गाडलेली म्हणजे सुरक्षित, असं डोळे मिटून म्हणता येत नाही ते यामुळे. चर कशाने भरला, हे चर किती खोल खणला याइतकंच महत्त्वाचं.

मग वादळात आधी कोण हलतं, पाइप की वाळू?

बहुतेक वेळा वाळू, आणि माझ्या मते या विषयाचं मर्म इथेच आहे. जुन्या पद्धतीचा हिशोब काय मानतो? तळ हा स्थिर ओटा, त्यावर पाइप, आणि शंभर वर्षांतून एकदा येणारी लाट. ब्रिटिश अभियंते अँड्र्यू पामर यांनी १९९० च्या दशकात यातल्या विसंगतीवर बोट ठेवलं: पाइप हलवण्याइतका पाण्याचा वेग येण्याच्या कितीतरी आधी वाळू चालायला लागलेली असते. मग स्थिर ओट्यावरच्या पाइपचा हिशोब कशाला करायचा?

याचा पाठपुरावा सगळ्यांत नेटाने झाला तो ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यासाठी. तिथे वायूची क्षेत्रं आणि चक्रीवादळं एकाच पाण्यात. १९८९ चं ऑर्सन वादळ थेट नॉर्थ रँकिन फलाटावरून गेलं. १९९६ च्या ऑलिव्हियात बॅरो बेटावर ताशी ४०८ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. असल्या वादळासाठी जुन्या हिशोबाने पाइपला इतकं काँक्रीट लागतं की तो टाकणारं जहाज सापडणं मुश्कील. पर्थच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठाने म्हणून ‘ओ-ट्यूब’ नावाची बंद चक्राकार नळी बांधली. तीत पाणी फिरवून तळावरचं चक्रीवादळ खऱ्या वाळूसकट आणि पाइपसकट उभं करतात. वादळ एकदम शिखरावर येत नाही, तासन्‌तास चढत जातं. त्या चढत्या तासांत वाळू खरवडली जाते, पाइप खाली बसतो, आणि शिखर येईपर्यंत तो निम्मा आडोशाला गेलेला असू शकतो.

यावरून ‘चला, काँक्रीट कमी करा’ म्हणणारे लगेच उभे राहतात. सबुरी हवी. ऑस्ट्रेलियातली वाळू शंख-शिंपल्यांची, चुनखडीची. कित्येक ठिकाणी पातळ वाळूखाली कठीण थर असतो. हातभर वाळू खरवडून निघून गेली की पाइप कातळावर उघडा, ना रुतणं ना आडोसा. शिवाय वादळाची चाल दर वेळी वेगळी. झपाट्याने चढलेल्या वादळाने पाइपला बसायला वेळच दिला नाही तर?

थोडी सरकली तर बिघडतं कुठे?

मोकळ्या मैदानात फारसं नाही. या कामात सर्रास वापरल्या जाणाऱ्या डीएनव्ही या नॉर्वेच्या प्रमाणन संस्थेच्या एफ-१०९ मार्गदर्शिकेतही दोन पायऱ्या आहेत: निम्म्या व्यासाइतकं सरकणं म्हणजे जवळपास स्थिरच, आणि दहा व्यासांपर्यंत सरकण्याचाही हिशोब मांडता येतो. आपल्या पाइपला दहा व्यास म्हणजे साडेआठ मीटर! ऐकून धसका बसतो, पण कित्येक किलोमीटरच्या सरळ लाइनीत एवढा बाक पोलाद सहज सोसतं. फलाटाजवळ, वळणावर, व्हॉल्व्हपाशी किंवा दुसऱ्या लाइनीवरून जाताना हीच मोकळीक देता येत नाही. तिथे मीटरभर सरकणंही महागात पडतं.

मुंबईसमोर तळाला वाळू आहे की चिखल?

दोन्ही. किनाऱ्यापासून साधारण ५०-६० मीटर खोलीपर्यंत भारताच्या पश्चिम किनाऱ्यासमोर मुख्यतः गाळ-चिकणमाती आहे. त्यापलीकडे, बाहेरच्या पट्ट्यात, समुद्राची पातळी खाली होती त्या काळातली जुनी चुनखडीयुक्त वाळू उघडी पडते. गोव्यातल्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या तळाचा बराच अभ्यास केला आहे. म्हणजे एकाच लाइनीला एका टोकाला वाळूचे नियम आणि दुसऱ्या टोकाला चिखलाचे. वर लिहिलेलं घर्षणाचं ०.६ चिखलाला लावू नका, तिथलं गणित निराळं.

तळाचे डोंगर सरकतात हे खरं?

उत्तर समुद्राच्या दक्षिण भागात, हॉलंडसमोर, वाळूच्या लाटा काही मीटर उंच आणि शेकडो मीटर लांब असतात आणि वर्षाला काही मीटर चालतात. आज माथ्यावर टाकलेली पाइप काही वर्षांनी अधांतरी. म्हणून तिथे पाइप टाकण्याआधी माथे ड्रेजरने छाटतात.

लाटांपेक्षा नांगरच जास्त धोकादायक नाहीत का?

पुष्कळदा आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये फिनलंड-एस्टोनियामधली बाल्टिककनेक्टर लाइन जहाजाच्या ओढत गेलेल्या नांगराने फुटली. कॅटरिना आणि रिटा या २००५ च्या वादळांत मेक्सिकोच्या आखातात ४५७ पाइपलाइनना इजा झाल्याची नोंद आहे, पण त्यात सगळ्या काही लाटांनी सरकलेल्या नव्हत्या. पडलेले फलाट आणि वाहवत गेलेल्या रिगचे नांगर यांचाही त्यात वाटा होता. आपल्याकडे मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबई हायजवळ पी-३०५ बार्जचे नांगर सुटले आणि तो भरकटत जाऊन बुडाला. त्या दिवशीची मोठी हानी माणसांची होती. पाइपलाइनवाल्याने त्यातून एवढंच टिपायचं की भरकटलेल्या जहाजाचा नांगर कुठे ओढला जाईल ते कुणाच्या हातात नसतं.

लाइन सुटली, स्पॅन पडला, तर दुरुस्ती काय?

स्पॅनखाली सिमेंटच्या पिशव्यांचे टेकू, वरून काँक्रीटच्या ठोकळ्यांची दोरात ओवलेली चटई, किंवा नळीवाटे दगड सोडून पाइपवर रास. दगड सगळ्यांत टिकाऊ आणि महाग. आणि राशीच्या कडेला पुन्हा वाळू खरवडली जातेच, ती कड पुढच्या सर्व्हेत आधी बघायची.

सर्व्हे कधी करतात?

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळा संपल्यावर, कारण जून ते सप्टेंबर जहाज उभंच राहू शकत नाही. म्हणजे तळ सगळ्यांत जास्त हलतो तेव्हा बघायला कुणी नसतं, आणि जुलैत उघडलेला स्पॅन ऑक्टोबरात पुन्हा वाळूने भरलेला असू शकतो. स्क्रीनवर सगळं गुळगुळीत दिसतं. अशा वेळी वाळूकडे नाही, काँक्रीटकडे बघायचं. बऱ्याच काळापासून उघड्या भागावर शिंपल्यांचा खरखरीत थर असतो. मध्येच एखादा पट्टा नव्यासारखा स्वच्छ दिसला तर तो कालपरवापर्यंत वाळूखाली होता. आणि वाळूत शिरणाऱ्या जागी काँक्रीटवर शिंपले दिसले, तर हा भाग आधी उघडा होता, वाळू नंतर आली. दोन्हींचा केपी नंबर, म्हणजे लाइनीवरचा किलोमीटरचा आकडा, लिहून ठेवायचा.